लाल अडतीचा दलाल

"ते उपरणं खुंटीला टाक अप्पा," खाजामियाँ म्हणाला. "आपल्या दुकानात ते चालायचं न्हाई."

महादेवप्पानं खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं खरं, पण खुंटीला लावायला त्याला जरा वेळ लागला. लातूरच्या गंजात, धान्याच्या पेठेत, लोक त्याला चेहऱ्यापेक्षा त्या उपरण्यावरून ओळखत. तो दलाल होता. माल विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली धरायचा, मग घेणाऱ्याचा धरायचा आणि बोटं दाबून दाबून दोघांना एका भावावर आणायचं, हा त्याचा धंदा. बोटं भाव बोलत असताना तोंडानं पाऊसपाण्याच्या, लेकीबाळींच्या गप्पा चालत. शेजारी उभ्या असलेल्याला भाव कळू नये, एवढंच त्या कापडाचं काम.

ईश्वरप्पांच्या अडतीवर, म्हणजे दुसऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानावर, हे काम करता करता त्याचे केस पिकले. घरी गंगम्मा गेल्यापासून कोणी नव्हतं. मूलबाळ झालंच नाही. दिवसाकाठी त्याला माणसाचा स्पर्श व्हायचा तो या कापडाखालीच. कोणाचा हात गरम लागला तर तो भाव बाजूला ठेवून विचारायचा, "ताप हाय काय रे?" लोक हसायचे. त्याला मात्र ते हात रात्री आठवायचे, आणि आपल्यासारख्या दलालाला असं काही व्हावं याची त्याची त्यालाच लाज वाटायची.

कम्युनिस्ट तो झाला हमालांच्या संपात. हमाल बसले, तसा बाजारही बसला आणि दलालाला काम उरलं नाही. तो उगाच गंजात घुटमळत होता, तेव्हा हमालांचा पुढारी खाजामियाँ त्याला म्हणाला, "ये की अप्पा, बस. चहा घे." काम नसताना कोणी बस म्हणण्याची महादेवप्पाला सवय नव्हती. तो बसला तो बसलाच. रशिया कुठं आहे हे त्याला धड सांगता येत नव्हतं. पण सगळे त्याला भाई म्हणत, तेवढ्यानं त्याचं मत पक्कं झालं. मोठमोठ्यांची मतंही याहून फार वेगळ्या कारणानं पक्की होत असतील असं नाही.

संप मिटला, आणि हमालांनी वर्गणी करून आपलीच एक अडत काढली. मालक कोणी नाही, सगळे सारखे. निजामाच्या पोलिसांच्या भीतीनं झेंडा आत पेटीत ठेवलेला, तरी पहिल्याच दिवशी गंजानं तिला 'लाल अडत' नाव देऊन टाकलं. महादेवप्पानं ईश्वरप्पांचा निरोप घेतला तेव्हा ते पान लावता लावता म्हणाले, "दलाल आन् कम्युनिस्ट? मांजर काशीला निघालं म्हणायचं." महादेवप्पाही हसला. त्याला खरोखरच काशीला निघाल्यासारखं वाटत होतं.

"हात मागं बांधून उभा ऱ्हा," खाजामियाँनं शिकवलं. "न्हाईतर सवयीनं बोटं चालू होतील. भाव तोंडानं सांगायचा, खुल्लमखुल्ला. जिथं चोरी असती तिथं कापड लागतं."

"आन् राज आपलं आल्यावर?" महादेवप्पानं विचारलं. "तवा बी बाजार राहील काय?"

"बाजार कशाला? भाव सरकार ठरवंल. आपलं सरकार."

"सरकारनं ठरवलेला भाव तर आता बी बघून राहिलो, मियाँ. लेव्हीत जबरीनं जोंधळा नेतेत तो सरकारी भावानंच की."

"ते निजामाचं सरकार हाय," खाजामियाँ चिडून म्हणाला. महादेवप्पानं मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, मियाँ चिडलेला त्याला आवडायचा नाही म्हणून.

पहिल्या बाजाराला शिरूर अनंतपाळकडून दगडोबा करडईची गाडी घेऊन आला. दगडोबा गावकुसाबाहेरचा. वतनाच्या जमिनीच्या तुकड्यात पिकेल ते तो वर्षानुवर्षं महादेवप्पाच्याच हातून विकायचा. बाजारात सगळीकडे त्याला अंग चोरून चालावं लागे. फक्त भाव ठरताना उपरण्याखाली लिंगायत दलालाचा हात त्याचा हात धरून असे. हे गंजात सगळ्यांना ठाऊक होतं. झाकलेलं होतं म्हणूनच कोणी काही बोलत नसे.

गाडी सोडून दगडोबानं नेहमीप्रमाणे हात पुढं केला. महादेवप्पा मागं हात बांधून ताठ उभा राहिला आणि शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं भाव सांगितला. भाव चांगला होता. पण दगडोबाचं भावाकडं लक्षच नव्हतं. त्यानं हात हळूच मागं घेतला, धोतराला पुसला आणि "बघतो मालक," म्हणून बैल पुन्हा जुंपले. इतके दिवस तो महादेवप्पाला अप्पा म्हणायचा.

उघड्या भावाची गंमत पुढं चार बाजारांत कळली. लाल अडतीचा भाव आख्ख्या गंजाला ऐकू जायचा. समोरचे अडते तो ऐकून कापडाखाली अर्धं बोट जास्त दाबायचे, आणि गाड्या तिकडं वळायच्या. लाल अडतीचं काम जणू शेजाऱ्यांना भाव कळवण्याचं. खाजामियाँ रिकाम्या ओट्यावर बसून दाढी खाजवू लागला. महादेवप्पाला मात्र दुसरंच टोचत होतं. शेवटी त्यानं दगडोबाला समोरच्या अडतीपुढं गाठलं.

"आमच्याकडं का येईना झालास?"

दगडोबा खाली बघत म्हणाला, "तुमीच हात मागं बांधलेत, मालक. ईश्वरप्पाच्या दुकानात होते तवर धरत होते. कम्युनिस्ट झाल्यावर शिवाशिव पाळाय लागले काय?"

महादेवप्पाला आधी ते कळलंच नाही. मग कळलं. कापड काढताना मियाँच्या मनात काय होतं, भाव उघड का करायचा, हे सगळं त्याला सांगता आलं असतं. हमालांच्या बैठकीत तो ते पोपटासारखं बोलायचा. पण ते सगळं सोडून त्यानं भर बाजारात, लख्ख उन्हात, दगडोबाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"सोडा अप्पा," दगडोबा घाबरून म्हणाला. "लोकं बघून राहिलेत."

"बघू दे," महादेवप्पा म्हणाला. त्यानं खूप वेळ हात सोडला नाही. इतका आनंद त्याला कशानंच झाला नव्हता, गंगम्माला घरी आणलं तेव्हाचा सोडला तर.

बाजारानं मात्र ते पाहिलं आणि पाहिलेलं विसरायचं नाही असं ठरवलं. घेणारे लाल अडतीची पायरी चढेनात. पाणपोईवरचा माणूस महादेवप्पाला लांबून, वरून पाणी घालू लागला. चार हमालांच्या घरीही कुजबुज झाली. सगळे सारखे हे त्यांना मान्य होतं, फक्त इतक्या लवकर आणि इतक्या उजेडात नको होतं.

जुम्म्याची नमाज झाल्यावर खाजामियाँच्या अंगणात बैठक बसली. मियाँनं फैसला सांगितला तेव्हा तो महादेवप्पाकडं बघत नव्हता. "झेंडा आपला, पण बाजार त्यांचा हाय. दुकान जगवायचं तर बाजारासारखं चालवावं लागंल. उद्यापासून उपरणं घे अप्पा. कापडाखाली पुन्हा सगळं पहिल्यासारखं हुईल. लोक विसरतील."

"म्हंजी ईश्वरप्पात आन् आपल्यात फरक काय?"

"नफा आपण वाटून घेतो."

"आन् उद्या राज आलं, तवा बी असंच करशील काय? झेंडा आपला आन् बाजार त्यांचा?"

 खाजामियाँ वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर तीस घरांच्या चुली होत्या. "मला ठाऊक न्हाई अप्पा," तो शेवटी म्हणाला. "आज दुकान राह्यलं पायजे, एवढंच ठाऊक हाय."

"उपरणं घ्यायला माझी ना न्हाई," महादेवप्पा म्हणाला. "पण दगडोबाचा हात उघड्यावर धरलाय मी. आता त्यो पुन्हा झाकला, तर त्यानं काय समजायचं? त्याला लाज वाटंल त्याची. आन् मला बी."

 मियाँच्या बायकोनं, रजियानं चहा पाठवला. महादेवप्पानं तो पिऊन कप विसळून ठेवला आणि उठला. दारापर्यंत पोचवायला मियाँ आला.  दुसऱ्या दिवसापासून महादेवप्पा अडतीवर गेला नाही.

नवा दलाल आला. उपरणंही आलं. लाल अडत बघता बघता चालू लागली; तिच्यासमोर गाड्यांची रांग लागायची. महादेवप्पाला ईश्वरप्पांनी परत घेतलं नाही, दुसऱ्या कोणी बोलावलं नाही. तो घरीच कोणाकोणाची सुतळी वळून द्यायचा. अंगणातल्या चिमण्यांशी तो बोलतो असं शेजारणी सांगत. ते खरं होतं. दुसरं कोण होतं बोलायला?

एका बाजाराच्या दिवशी तो गुणाबाईच्या टोपलीपुढं मेथी बघत उभा होता. रस्त्यावरून दगडोबाची रिकामी गाडी आली. लाल अडतीवर करडई विकून तो परत निघाला होता. महादेवप्पाला पाहून त्यानं बैल थांबवले, पण गाडी होती तिथंच ठेवली. महादेवप्पा एक पाऊल पुढं झाला, तसा दगडोबा घाईनं म्हणाला, "लांबूनच रामराम, अप्पा. तुमच्यापाशी उभा दिसलो तर माझा माल कुणी घ्यायचं न्हाई. लेकरं हाईत."

महादेवप्पा थांबला.

"भाव बरा भेटला काय?"

"हाव. बरा भेटला."

"मग झालं तर. रामराम," असं म्हणून महादेवप्पानं हात जोडले.

गाडी निघाली. दगडोबानं एकदा मागं वळून पाहिलं. धूळ खाली बसली, रस्ता पुन्हा माणसांनी भरला, तरी महादेवप्पा तिथंच उभा होता.

"अप्पा, भाजी धरा की," गुणाबाई म्हणाली. जुडी पुढं करून ती केव्हाची बसली होती. तेव्हा कुठं महादेवप्पाच्या ध्यानात आलं, की आपले दोन्ही हात अजून एकमेकांना घट्ट धरून आहेत.