मानानं उतरवलेली पेटी

सदाशिवरावांच्या जिनिंग कारखान्यात कापसाची गठाण हमालाच्या हातून निसटली, तर त्याला त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवत. वर्ध्याजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे अध्यक्षही तेच. मग तिथल्या मंजुषा मॅडमचा प्रयोग त्यांच्या गळी उतरणार कसा?

कारण मंजुषा पेटी पाडत असे, तेही मुद्दाम. आवारातल्या उंच मनोऱ्यावरून पेटी मोकळी सोडायची. खाली गाद्यांवर आदळेपर्यंतच्या दोनेक सेकंदांत आतल्या वस्तूंना जवळपास वजनच उरत नाही, अंतराळयानात नसतं तसं. तरीही किती उरलं, ते पेटीतलं यंत्र सांगे. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका मनोरा चांगला. मनोऱ्याच्या उद्घाटनाच्या सकाळी दहा हजारांतला एक भाग उरला, तेव्हा मंजुषा आणि तिची विद्यार्थिनी काजल गाद्यांवरच नाचल्या. मंजुषा बिचारी वर्षानुवर्षं कंत्राटावर होती. उद्घाटनात आकडा चांगला आला तर कायम करू, असा अध्यक्षांचा शब्द होता.

अध्यक्ष आले, पेटीला स्वतः हार घातला, तालीम पाहिली आणि त्यांचं तोंडच उतरलं.

"मॅडम, हे काय करून राह्यल्या? पाहुण्यांसमोर मशीन पाडता?"

"सर, पडली नाई त मोजताच नाई येत."

"अन् फोटो कवा काढाचा? डोळा मिटला का खलास! जिनिंगातली कप्पी बोलावतो. मानानं उतरवा."

"दोरीनं उतरवली त वजन तसंच राह्यते, सर."

"राहू द्या ना! चांगलं वजन काऊन घालवता?"

मंजुषानं मनोऱ्यावर कप्पीला जागा करून दिली.

दुपारी मांडव भरला. दोन हमालांनी कप्पीवरून पेटी अलगद, नव्या नवरीला जीपमधून उतरवावं तशी खाली आणली. फोटोवाल्यानं मनसोक्त फोटो काढले. पडद्यावर आकडा झळकला: एक. म्हणजे वजन होतं तेवढंच्या तेवढं. पेटी टेबलावर ठेवली असती तरी हेच आलं असतं.

सदाशिवरावांनी माइक ओढला. "सकाळी दहा हजारांतला एक आलता. आता एकाले पुरा एक! शंभर टक्के!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या प्राचार्य रूपरावांच्या, आणि त्यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली.

"मंजुषा मॅडम आजपासून कायम!" असं म्हणत अध्यक्षांनी माइक तिच्या हातात दिला. खरं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. समोर काजल टक लावून पाहत होती.

"हे सरांच्या मार्गदर्शनामुळेच शक्य झालं," मंजुषा म्हणाली, आणि तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

मांडव रिकामा झाल्यावर काजल जवळ आली. "मॅडम, उद्या पेटी पाडाची का उतरवाची?"

मंजुषानं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"उतरवाची," ती म्हणाली. "आता मी कायम झाली ना."