शेवटच्या रांगेतली जागा

"त्या नकोत. शेवटची रांग द्या, कडेची जागा," मास्तरांनी विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीला सांगितलं आणि लेकीने पुढे केलेला फोन हाताने बाजूला सारला.

लेकीने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. तीन संध्याकाळी खर्ची घालून तिने त्या दोन जागा शोधल्या होत्या. पंखाच्या पुढे, म्हणजे धक्के कमी, पाय पसरायला ऐसपैस आणि शौचालयापासून लांब. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून एवढी उस्तवार केली, आणि हे महाशय अख्ख्या विमानातली सगळ्यात भिकार जागा मागून घेत होते.

"बाबा, तिथली पाठ मागे होत नाही."

"मला कुठे झोपायचंय?"

"संडासाचा वास येतो तिथे."

"मला सर्दी आहे."

"काल तर नव्हती!"

"आज झाली."

मागे माणसं खोळंबली होती. लेकीने हात टेकले.

दोघं लेकीच्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, पंधरा दिवसांसाठी निघाली होती. पंधरा दिवस हे मास्तरांचं म्हणणं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत, आता दुकान बंद करा आणि कायमचे इकडे या, असा दादाने दोन वर्षं धोशा लावला होता. जरा निमित्त मिळालं की तो स्वतः येऊन दुकानाला कुलूप ठोकेल, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. आपण धडधाकट आहोत हे त्याला एकदाचं दाखवून यावं, म्हणून तर हा प्रवास.

जागा वाटली होती त्याहूनही वाईट निघाली. इंजिनाची घरघर, दर पाच मिनिटांनी आपटणारं दार आणि खांद्याला खेटून ताटकळणारी माणसं. मास्तर मात्र मांडीवर हात ठेवून तृप्त बसले होते. त्यांची ती तृप्ती पाहून लेकीचं डोकं आणखीच तापलं.

तासाभराने मागचं शौचालय तुंबलं. हवाईसेविकेने मास्तरांना पार पुढच्या टोकाला पाठवलं.

"जा आता, अख्खं विमान चाला," लेक पुटपुटली.

ते परत यायला लागले तेव्हा ती वैतागूनच बघत होती. मास्तर प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावत येत होते. एकदा तर हात एका गृहस्थाच्या टकलावरच पडला. गृहस्थ चमकला, मास्तरांची नजर समोरच. लेकीने हात हलवला. पुन्हा हलवला. ते पाच पावलांवर आले तरी त्यांनी पाहिलं नाही. मग खुर्च्या संपल्या, हाताला भिंत लागली, आणि मास्तर वळून पलीकडच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर बसले.

"काय गं, झोपलीस?" त्यांनी शेजारी पांघरूण घेऊन पडलेल्या परक्या बाईला विचारलं.

लेकीचा सगळा राग उतरला. ती भलतीच घाबरली. उठून तिने त्यांना दंडाला धरून आपल्या जागी आणलं.

"किती दिवस झाले, बाबा?"

"कशाला?"

"बाबा!"

मास्तरांनी चाचपडत पट्टा लावला. "डाव्याने वर्षभर काहीच दिसत नाही. उजव्याने अंधुक दिसतं. आकडे वाचता येत नाहीत. शेवटची रांग मात्र चुकत नाही."

"मग कपडे कोण शिवतं?"

"कापतो कारागीर. शिवण हाताला कळते."

"मला एका शब्दाने सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर दुकान राहिलं असतं?"

 गेल्या महिन्यात त्यांनी लेकीला शिवून दिलेल्या कुर्त्याची एक बाही अर्धा इंच लांब होती. तिने ती गुपचूप उसवून नीट केली होती आणि कुणाजवळ काही बोलली नव्हती.

विमान उतरलं. सगळे गेल्यावर दोघं निघाली. लांबलचक वाटेवर मास्तरांनी तिचं कोपर धरलं होतं.

"दादा दिसला की सांग," ते हळूच म्हणाले. "हात सोडतो."

"सांगते."

काचेचं दार सरकलं. गर्दीच्या अगदी पुढे दादा उभा होता, दोन्ही हात उंचावून हलवत होता. लेकीने कोपरावरच्या वडिलांच्या हातावर आपला हात घट्ट दाबून ठेवला आणि दादा दिसल्याचं न सांगता चालत राहिली.