कापून टाकलेल्या दोन ओळी

मी एक जुना तक्ता आहे, आणि माझी उंची असायला हवी त्यापेक्षा दोन बोटं कमी आहे. मित्रांनो, ती दोन बोटं कुठे गेली एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत झाला. कॅन्सरच्या विभागातल्या एका डॉक्टरांनी डबा एका हाताने खात, दुसऱ्या हाताने मला टाईप केलं. उपचार चालू असताना रुग्णाच्या अंगावर पुरळ आलं तर काय करायचं, हा माझा विषय. सहा ओळी होत्या, त्यातल्या एकीत लावायच्या मलमाचं नाव होतं. पहिलीच ओळ ठळक होती : ‘अंगावर पुरळ दिसताच औषध थांबवावे. पुरळ पूर्ण जाईपर्यंत पुन्हा सुरू करू नये.’ आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, आणखी दोन ओळी : ‘हे फक्त आत्ता वापरात असलेल्या औषधांसाठी आहे. दोन वर्षांनी पुन्हा तपासावे.’ शेजारी तारीख. घाईत लिहिलं असलं तरी डॉक्टर प्रामाणिक होते.

विभागाच्या मोठ्या सिस्टरना मी फार आवडलो. त्यांना एकच खोड होती. जो कागद दिसेल त्याला त्या प्लास्टिकमध्ये घालून पक्का करत. कागदावर औषध सांडतं, कोपरे दुमडतात, हे त्यांना खपत नसे. धाकट्या सिस्टर पाठीमागे म्हणत, बाई एखाद दिवशी आपल्यालाही गुंडाळून ठेवतील. त्या दिवशी प्लास्टिकचं पाकीट मला जरा आखूड पडलं. मोठ्या सिस्टरनी कात्री घेतली आणि खालची बारीक अक्षरांची कड सरळ कापली. पट्टी केराच्या टोपलीत गेली. मी गरम यंत्रातून निघालो तो आरशासारखा चकाकत.

मग मी नऊ वर्षं भिंतीवर होतो, सलाईनच्या खुर्च्यांसमोर. तपासणीला आलेले साहेब मला पाहून म्हणाले, किती नीटनेटका विभाग आहे. मला लिहिणारे डॉक्टर दुसरीकडे गेले. नवे आले. औषधं बदलली, त्यांच्या बाटल्यांचे रंग बदलले. मी तोच. खरं सांगतो, मला त्याचं काही वाटत नसे. चकाकणाऱ्या वस्तूला आपण जुने झालो आहोत हे लवकर कळत नाही, आणि इतरांना तर त्याहून उशिरा कळतं. हळूहळू मी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झालो.

मग ती शिवणकाम करणारी बाई आली. आतड्याचा कॅन्सर होता. दर पंधरा दिवसांनी एक नवं औषध सलाईनमधून घ्यायचं होतं. सोबत थोरली बहीण असायची. बाईंना चार वर्षांची मुलगी होती, तिला शेजारी ठेवून त्या यायच्या. खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या फ्रॉकला हातशिलाई घालायच्या, कारण घरी मुलगी सुई हातात धरू देत नसे.

दुसऱ्या सलाईनला त्या आल्या तेव्हा गाल, नाक, छाती लाल पुटकुळ्यांनी भरली होती. बहीण म्हणाली, “चौदाव्या वर्षी मुरुमं आली नाहीत म्हणून मिरवत होतीस. आता घे, व्याजासकट.” बाई हसल्या, पण हसताना गाल ओढला गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

धाकट्या सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोठे डॉक्टर रजेवर होते. जे तरुण डॉक्टर होते तेही माझ्यासमोर उभे राहिले, पहिली ओळ बोट ठेवून वाचली आणि मान डोलावली. औषध थांबलं. पंधरा दिवसांनी थोडे डाग उरले होते, म्हणून पुन्हा थांबलं. दोन फेऱ्या हुकल्या. कोणी हयगय केली नव्हती. सगळ्यांनी अगदी माझ्या शब्दाबरहुकूम केलं होतं.

बाईंचा चेहरा निवळला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या बहिणीला म्हणाल्या, आता मुलीला घरी आणते. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मला फक्त वाचून दाखवता येत होतं, विचारता येत नव्हतं.

मोठे डॉक्टर परतले. त्यांनी फाईल चाळली आणि विचारलं, औषध का थांबलं. धाकट्या सिस्टरनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“हा तक्ता कधीचा आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्या खालच्या कडेकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

डॉक्टर आवाज न चढवता बोलले. या औषधाने असं पुरळ येणारच, ते आधीच धरून चालायचं असतं. सौम्य असेल तर मलम द्यायचं, लागली तर गोळी द्यायची आणि सलाईन चालू ठेवायचं. ताप आला, पू झाला, दुखू लागलं, फार पसरलं, तर वेगळा विचार. आजपासून पुन्हा सुरू करू. पुरळ परत येईल, पण या वेळी आपण तयार असू.

बाईंनी फ्रॉक खाली ठेवला. “मग मुलीला परत मावशीकडे पाठवू?”

“कशाला?” डॉक्टर म्हणाले.

“तिला लागेल ना हे. मागच्या वेळी तोंडावर दिसलं त्या दिवशीच पाठवलं होतं. माझा टॉवेल वेगळा, अंथरूण वेगळं. ती फोनवर विचारायची, आई, तू माझ्यावर रागावलीस का?”

डॉक्टर म्हणाले, “हे कोणालाच लागत नाही हो, ताई. औषधामुळे येतं ते.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत नीट वाचलं, शिवण तपासावी तसं. “मग हे यावर का नाही लिहिलं?” त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मला भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं. दवाखान्याच्या औषध-दुकानातल्या बाईंनी एक प्रश्नांची यादी आणली होती. असे तक्ते चांगले की वाईट हे तपासायची रीत असते, असं त्या म्हणाल्या. मग माझी परीक्षा झाली. मजकूर स्पष्ट आहे का? पैकीच्या पैकी. कशाच्या आधारावर लिहिलं? भोपळा. त्वचेच्या डॉक्टरांना विचारलं होतं? भोपळा. रुग्णांना विचारलं होतं? भोपळा. एका विशिष्ट मलमाचंच नाव का आहे, लिहिणाऱ्याला त्यात काही मिळणार होतं का? माहीत नाही. पुन्हा कधी तपासायचं?

“ते लिहिलं होतं,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. “खाली दोन ओळी होत्या. पाकिटात मावत नव्हत्या. कात्री माझीच होती.”

त्यांना कोणी बोल लावला नाही. तरुण डॉक्टर म्हणाले, मीही विचारायला हवं होतं. एवढंच.

नवा तक्ता व्हायला दोन महिने लागले. त्वचेच्या डॉक्टर आल्या, भांडणं झाली, तीन मसुदे फाडले. शिवणकाम करणाऱ्या बाईंनाही बोलावलं होतं. नवा तक्ता साध्या कागदावर आहे. तारीख सगळ्यात वर आहे, ठळक, आणि पुन्हा तपासायची तारीखही. वर्षाने तो उतरवायचा हे ठरलेलं आहे. तिसरी ओळ बाईंची आहे : ‘हे पुरळ दुसऱ्याला लागत नाही. मुलांना जवळ घ्या.’

मला मोठ्या सिस्टरनी टाकलं नाही. प्लास्टिकची पाकिटं ठेवायच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पाकीट काढायला दार उघडलं की मी दिसतो.

बाईंच्या पुढच्या तपासणीत गाठ तेवढीच होती. वाढली नव्हती, कमीही झाली नव्हती. त्या दोन फेऱ्या मिळाल्या असत्या तर कमी झाली असती का, हे बाईंनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मलाही येत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, घरातल्या औषधाच्या डब्यावर माझे भाऊबंद असतील. त्यांचं वय विचारा. कोणी लिहिलं, कोणाला विचारून लिहिलं, तेही विचारा. आम्हाला राग येत नाही. आम्ही जपण्यापेक्षा वेळेवर उतरवण्याच्या लायकीचे असतो.

काल दार उघडं राहिलं होतं. बाई खुर्चीत होत्या, पुरळ परत आलं होतं, गालावर मलम चकाकत होतं. शेजारीण गावाला गेली होती म्हणून मुलगी सोबत होती आणि आईच्या मांडीवर बसून एकेका पुटकुळीवर हळूच बोट ठेवत मोजत होती. तिला वीसपर्यंतच आकडे येतात. वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करत होती.