बाहेरचं बटण

"बटण बाहेर?" स्टुलावर उभ्या श्रीमंतनं दातात धरलेले स्क्रू काढून हातात घेतले. "मावशी, आतल्या दिव्याचं बटण बाहेर कुठं असतंय? संडासाचं असतंय फक्त."

"मंग संडासाचंच समज," शरणम्मा म्हणाली.

"आन् पंख्याचं?"

"ते बी बाहेरच. दोन्ही इथं." तिनं लेकाच्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीवर आपला उजवा तळवा टेकवला. "माझा हात पुरंल अशा बेतानं लाव."

श्रीमंत वायरिंग करणारा. नाव श्रीमंत आणि शर्टाला तीन रंगांची ठिगळं. या गोष्टीवर तो स्वतःच सगळ्यांच्या आधी हसून घ्यायचा. इस्लापूरकडचा माणूस, नांदेडला काम शिकला आणि लातूरचा जिल्हा झाला तसा इकडे आला. पाऊस गावं सोडून गेला होता, पण लातुरात बंगले उगवत होते. साहेब लोकांच्या घरांना पंखे हवे होते, दिवे हवे होते.

"शिवमूर्तीअप्पा काय म्हनतील मला? पलंगाच्या उशाला बसव म्हनले होते."

"सांग त्याला, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणून."

तेवढ्यात शरणम्माची सून, जगदेवी, चहा घेऊन आली. कप डाव्या हातात होता. उजवं मनगट हळदीच्या फडक्यानं बांधलेलं, खालचा ओठ फुटून काळा पडलेला. श्रीमंतनं कप घेतला. एकदा तिच्याकडं पाहिलं, मग चहाकडं. चहा संपेपर्यंत त्याचा एकही विनोद झाला नाही.

"वायर जास्ती लागंल, मावशी," तो शेवटी म्हणाला. "लागू द्या."

त्यानं भिंतीवर शरणम्माच्या तळव्याभोवती पेन्सिल फिरवली आणि छिन्नी लावली. हातोडीच्या दर घावाला दारात उभी जगदेवी डोळे मिटून घेत होती.

शरणम्माचा लेक शिवमूर्ती वाईट माणूस आहे असं लातुरात कुणी म्हटलं नसतं. सिमेंट-लोखंडाचं दुकान, मापात खोट नाही, बोलण्यात चढा सूर नाही. शिवनाम सप्ताहाचा शेवटच्या दिवसाचा प्रसाद त्याच्याकडून असायचा. पंगतीत तो स्वतः वाढायला उभा राहायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. घरात मात्र तो कपाळावरची विभूती पुसली जाणार नाही अशा बेतानं मारायचा. दुकान बंद करून आला की हातपाय धुवायचा, दाराला कडी लावायचा, दिवा विझवायचा. दुकानातून आणलेला सळईचा हातभर तुकडा त्यानं फडक्यात गुंडाळून ठेवला होता. फडकं एवढ्यासाठी की कातडं फाटू नये.

दिवा विझवायची रीत शरणम्माला ठाऊक होती. तिचा नवरा शंकरप्पाही चिमणी फुंकूनच हात उचलायचा. एकदा मात्र दिवा वरच्या फळीवर राहिला. शंकरप्पाचा हात वर गेला, उजेडात बायकोचं तोंड दिसलं आणि हात तसाच वर राहिला. मग खाली आला, रिकामा. तो एक दिवस शरणम्मानं जन्मभर जपून ठेवला होता. उजेडात बाईचं तोंड दिसलं की बाप्यामाणसाचा हात आखडतो, असा तिचा भरवसा होता.

आणि तरी चार वर्षं ती करत काय होती? दिवेलागणीला डोक्यावर पदर घेऊन देवळात जात होती. मृदंगावर थाप पडली, टाळ घुमले, की गल्लीतलं काही कानावर येत नसे. कीर्तनावर तिचा जीव होता हे खरंच. महाराजांनी चाल उचलली की तिच्या अंगावर काटा यायचा. पण पाय जरा घाईनं उचलायचे, याचं कारण महादेवाला ठाऊक होतं.

पंखा आणला होता नांदेडहून. जगदेवीच्या चुलतभावाचं लग्न होतं तिथं. शिवमूर्तीनं सासू-सुनेला दुकानात नेलं. दुकानदार भलता गमत्या होता.

"हे बघा वहिनी, हा मलईच्या रंगाचा. फिरतोय का उभाय, समजत न्हाई इतका गरीब. अगदी माझ्यासारखा."

जगदेवी पदराआड हसली. तिला तो पंखा आवडला होता.

"आवाज करणारा कोणता?" शिवमूर्तीनं विचारलं.

"आवाज न करणारा म्हनता का, अप्पा?"

"करणारा. भारी पात्याचा. मला गडबडीशिवाय झोप येत न्हाई."

दुकानदारानं हसत एक काळपट, जाड पात्यांचा पंखा चालू करून दाखवला. दुकानात मळणीयंत्र सुरू झाल्यासारखं झालं. दुकानदार काहीतरी म्हणाला ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शिवमूर्ती खूश झाला. शरणम्माला उमगलं. लेक पंखा नाही, मृदंग विकत घेत होता.

जगदेवीला एकच गोष्ट निवडू दिली. तिनं दिव्यावर बसवायचा दुधी काचेचा गोळा घेतला, बेलफळाएवढा. एसटीत तो मांडीवर धरून बसली, तान्हं पोर धरावं तसा. अहमदपूरच्या स्टँडवर नळ कोरडे होते. खिडकीशी एक बाई रडतं लेकरू घेऊन उभी राहिली तेव्हा जगदेवीनं तिला फिरकीच्या तांब्यातलं पाणी दिलं, उरलं होतं तेवढं सगळं. शिवमूर्ती बघत होता. तो हसला फक्त. घरी पोचल्यावर मनगटाला फडकं बांधावं लागलं.

त्या आठवड्यात सप्ताह सुरू झाला होता. अहमदपूरकडचे महाराज उभे होते. गाता गाता थांबले आणि समोर बसलेल्या बायकांना म्हणाले, "माय, महादेवाला तिसरा डोळा कशाला? दोन तर होते की. मी सांगतो. दोन डोळ्यांनी बघून न बघितल्यासारखं करता येतं. तिसऱ्यानं येत न्हाई." टाळ वाजले, बायकांनी टाळ्या धरल्या. शरणम्माचे हात मांडीवरच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती श्रीमंतला म्हणाली, बटण बाहेर लाव.

संध्याकाळी शिवमूर्ती दुकानातून आला. त्यानं बोर्ड पाहिला, दोन्ही बटणं खालीवर करून पाहिली.

"श्रीमंतला अक्कल न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "उद्या आत घ्यायला लावतो."

बाहेर टँकर आला होता. गल्लीत रोजची लढाई जुंपली होती. घागरीवर घागर आदळत होती, एकमेकींच्या खानदानाचा उद्धार चालला होता. गेल्याच आठवड्यात समोरच्या बसम्मानं याच रांगेत साखराबाईचं कपाळ घागरीनं फोडलं होतं. साखराबाई अजून पट्टी बांधून, बसम्माकडं पाठ करून रांगेत उभी राहायची. जगदेवी त्या गर्दीतून बाहेर आली ती अर्धं लुगडं भिजलेलं आणि घागर अर्धीच घेऊन.

"किती सांडलं?" शिवमूर्तीनं विचारलं.

"ढकललं कुनीतरी... हात दुखतोय, धरवलं न्हाई."

"बरं. आत चल."

ती आत गेली. तिनं सासूकडं पाहिलंसुद्धा नाही. चार वर्षांत तिनं ते सोडून दिलं होतं. शिवमूर्तीनं बाहेरून पंख्याचं बटण दाबलं. खोलीत घरघर उठली. मग दिव्याचं बटण बंद केलं. बोर्डाखाली शरणम्मा भिंतीला टेकून बसली होती.

"अव्वा, देवळात न्हाई गेलीस? सुरू झालं की कीर्तन."

"जाते."

कडी लागली.

पंखा गरजत होता. बाकी काहीच नाही. एरवी पहिला फटका ऐकू येई, मग गिळलेला हुंदका, मग पलंगाचा पाय सरकल्याचा आवाज. जीव आहे एवढं तरी कळायचं. आज काही कळत नव्हतं. देवळातून मृदंगाची पहिली थाप आली. तिथं आता सगळ्यांचे हात वर गेले असतील. शरणम्मा गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि तिनं दिवा लावला.

दारावरच्या झरोक्याची काच उजळली. काचेवर एक सावली होती, हात आणि हातातली सळई. सावली थबकली. शरणम्मानं श्वास धरला. आखडणार. तोंड दिसलं असेल त्याला, आता आखडणार हात.

सावली खाली आली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. शिवमूर्तीला तोंड दिसत होतं आणि तो त्या तोंडावरच मारत होता.

जन्मभर जपलेली ती एकच गोष्ट शरणम्माच्या हातातून गेली. आत काच फुटली. दुधी गोळा, आतला बल्ब, सगळं. झरोका काळा झाला.

तिनं दुसरं बटण दाबलं.

पंखा लगेच थांबत नाही. घरघर उतरली, मग नुसती भणभण राहिली, मग पात्यांची कुरकुर, आणि त्या कुरकुरीखालून ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज वर आला. एक, आणखी एक. मग जगदेवीची किंकाळी, नागडी, अख्खी, खिडकीतून थेट रांगेत.

"आत्याबाईऽऽ!"

गल्ली गप्प झाली. टँकरच्या पाइपातलं पाणी तेवढं पडत राहिलं.

कडी निघाली. शिवमूर्ती बाहेर आला. विभूती जशीच्या तशी होती, पण सळईवरचं फडकं सुटून लोंबत होतं, लाल झालेलं. त्यानं बटणाकडं हात नेला. बोर्डावर आईचा तळवा होता.

"हात काढ, अव्वा."

"न्हाई."

"काढ म्हणतोय मी."

"मार. माझ्यावर बी मार. आता लोक बघायलेत."

त्यानं मारलं. सळई बोटांवर बसली आणि लाकडी बोर्ड कडाडला. की हाडं, ते कळलं नाही.  शरणम्माचा हात तिथंच राहिला. त्यानं पुन्हा मारलं. बोर्डावरून रक्त भिंतीवर उतरलं, श्रीमंतनं पेन्सिलीनं काढलेल्या पंज्यावरून.

रांगेतला एक बाप्या पुटपुटला, "घरातलं हाय. आपन कशाला पडायचं?"

"घरातलं हाय तर रस्त्यावर कामून ऐकू येतंय, रे मुडद्या?" बसम्मा ओरडली. तिची घागर काठोकाठ भरलेली होती. या पाण्यासाठी तिनं बाईचं कपाळ फोडलं होतं. ती उंबरा ओलांडून आत आली आणि भरली घागर दोन्ही हातांनी शिवमूर्तीच्या छातीवर फेकली. तो पाण्यासकट खाली आला. उठू लागला तसा साखराबाईनं आपल्या घागरीनं त्याच्या मनगटावर घाव घातला. सळई सुटून घरंगळली. मग बायका आत घुसल्या. पुढं काय झालं ते त्यांच्यातल्या एकीनंही कधी नीट सांगितलं नाही. अंगणात त्या दिवशी पाच-सहा घागरींचं पाणी सांडलं आणि कुणी त्याचा हिशेब मागितला नाही.

जगदेवी बसम्माच्या घरी निजली. एक डोळा पार बंद, बरगड्या धरून श्वास घेत होती. तिसऱ्या दिवशी भाऊ नांदेडहून घ्यायला आला. स्टँडवर शरणम्मा आली होती, उजवा हात गळ्यात बांधलेला.

"आत्याबाई, तुमी बी चला," जगदेवी म्हणाली. "हितं काय राहिलंय?"

"मी आले तर घरात दिवा कोण लावंल?"

गाडी सुटेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. "उशीर केला, गं माय," शरणम्मा एवढंच म्हणाली. जगदेवीनं खिडकीतून हात काढून तिच्या पट्टीवर ठेवला. बस हलली तेव्हा तो सुटला.

शिवमूर्तीनं बोर्ड आत घ्यायला श्रीमंतला बोलावलं. श्रीमंत म्हणाला, "अप्पा, लई काम हाय, सवड न्हाई." दुसऱ्याला बोलावलं, त्यालाही सवड नव्हती. अख्ख्या लातुरात त्या एका बोर्डासाठी कुणाला सवड मिळेना. पुढच्या सप्ताहात प्रसाद दुसऱ्या घरून आला.

शरणम्माचा हात वाकडा जुळला. कीर्तनात ती पूर्वीच्याच जागी बसते. बायका टाळी धरतात तेव्हा ती डाव्या हातानं गुडघ्यावर ठेका धरते. बसम्मा आणि साखराबाई तिच्या दोन बाजूंना असतात. त्यांचं आपसात अजून फारसं जमत नाही.

एके दिवशी ती कीर्तनाहून परतली तेव्हा लेक खोलीत अंधारात बसला होता, दार उघडं टाकून. तिनं डाव्या हातानं बटण दाबलं. नवा, उघडा बल्ब भक्कन लागला. शिवमूर्तीनं डोळ्यांवर हात घेतला.

"बंद कर, अव्वा."

 त्याच उजेडात ती समोर चुलीपाशी बसली, परातीत पीठ घेतलं, पाणी बेतानं ओतलं. डाव्या हातानं भाकरी थापायला ती अजून शिकत होती. भाकरी एका बाजूला सरकली, कडेला चिरली. तिनं ती मोडून पुन्हा गोळा केला.