खींवलसरचा सूर्यास्त

सायरकंवर नव्या निळ्या कुर्त्याला इस्त्री करत होती, तेवढ्यात करणपालने बातमी दिली. शनिवार-रविवारचं ठिकाण ठरलं. वाळूच्या धोऱ्यांवर तंबू, तंबूपुढे दोन खुर्च्या आणि समोर सूर्यास्त. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघंच अशी कुठे गेलीच नव्हती. सुट्टी लागली की गाव, आणि गाव म्हणजे सासर. या खेपेला मात्र त्याने शब्द दिला होता, फक्त तुम्ही आणि मी.

"कुठे आहे हे?" तिने विचारलं.

"आपल्याच खींवलसरला. गावामागच्या धोऱ्यांवर नवीन झालंय. सगळी व्यवस्था भैरजी काकोसा बघतात. अगदी घरच्यासारखं."

इस्त्री तिच्या हातात तशीच राहिली. जोधपूरच्या शाळेत भूगोल शिकवणारी, स्कूटर दामटत बाजारहाट करणारी ही बाई खींवलसरच्या वेशीत शिरली की ओढणी हनुवटीपर्यंत खाली येते. एकट्या सासऱ्यापुढे नव्हे. गावात नवऱ्याहून वडील असलेला प्रत्येक पुरुष तिचा सासराच. आणि या गृहस्थाने अख्खा मारवाड सोडून नेमकं तेच गाव निवडावं, याला काय म्हणावं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिथे चहा कोण आणून देणार?"

"मूळजी बाबोसा."

"आणि उंटावर कोण बसवणार?"

"पदमजी काकोसा असतील बहुतेक."

"म्हणजे चहाला सासरे, उंटाला सासरे. मग मी त्या खुर्चीवर घूंघट घेऊन बसू? तुमच्या शेजारी?"

"शेजारी बरं दिसणार नाही," तो चाचरत म्हणाला. "खुर्ची जरा मागे घेऊ. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आणि तुम्हाला सवय आहे ना."

सवय. तिने इस्त्री बंद केली. गावी जाताना लागते म्हणून कपाटात वेगळी ठेवलेली जाड ओढणी काढली, त्याच्या डोक्यावर टाकली आणि पार हनुवटीपर्यंत ओढली. मग त्याच्याच फोनवरचा तंबूचा फोटो त्याच्या तोंडापुढे धरला.

"बघा. कसा आहे सूर्यास्त?"

"अहो, काय पोरखेळ आहे हा?"

"सांगा तर. उंट दिसतात का?"

"नाही."

"खुर्च्या?"

"नाही."

"मी दिसते?"

आतून त्याचा हात ओढणीकडे गेला. "राहू द्या, हुकम," ती सासरच्या अदबीने म्हणाली. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

तेवढ्यात फोन वाजला. भैरजी काकोसा. तिने स्पीकर लावून फोन करणपालपुढे धरला.

"करण बेटा, निघताय ना शनिवारी?" काकोसा खुशीत होते. "काही काळजी करू नकोस. बिंदणीसाठी, आपल्या सूनबाईसाठी, वेगळा तंबू लावलाय, पार मागे, बायकांच्या बाजूला. कुणाची नजर पडायची नाही."

करणपालने ओढणीकडे नेलेला हात खाली घेतला.

"आम्ही येत नाही, काकोसा."

"अरे, का? सगळं ठरलंय. तिथून सूर्यास्त काय दिसतो, माहितेय तुला?"

"बघितला, काकोसा," ओढणीआडून करणपाल म्हणाला. "काही दिसत नाही."

सायरकंवरने फोन ठेवला आणि पुन्हा कुर्त्याकडे वळली. त्याच्या डोक्यावरची ओढणी तिने लगेच काढली नाही.