कपाळावरचा नारिंगी चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. जाड, नारिंगी काचांचा. देवाने माणसाला नाक दिलं, दोन कान दिले, तरी माझ्या मालकाने मला बसवायला जागा शोधली ती कपाळावर! आता कपाळावर बसून मी डोळे कसे सांभाळणार, हे तुम्हीच सांगा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यावर निळ्या लेझरचा किरण सोडून पाहिला. तो अडला, तेव्हा कुठे माझ्या दांडीवर एक आकडा कोरला. त्या आकड्याचा अर्थ असा, की मी फक्त निळा किरण अडवतो. हिरव्या किरणापुढे माझा उपयोग नाही. उन्हातल्या गॉगलचा तर कुठल्याच लेझरपुढे नाही. हे आधीच सांगतो, कारण ‘काच ती काच, त्यात काय एवढं’ म्हणणारे महाभाग मला भेटलेले आहेत.

पहिली सहा वर्षं मी लेझरने लाकडावर नावं कोरणाऱ्या एका बाईंकडे काढली. घरांच्या पाट्या, बक्षिसाच्या ढाली, असं त्यांचं काम. त्या आधी मला मऊ फडक्याने पुसायच्या, डोळ्यांवर चढवायच्या आणि मगच यंत्राची किल्ली फिरवायच्या. काम संपलं की मी डबीत. “हा आहे म्हणून माझे डोळे आहेत,” असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. मी सुखात होतो.

मग त्यांच्या भावाला झिपरीने छळलं.

भावाच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. तिच्यात दोन पट्टेरी मासे आणि मोठ्या हौसेने वाढवलेली जिवंत पोवळी. एकदा विकत आणलेल्या दगडाला चिकटून एक तपकिरी जीव आला. बारीक देठ, वर विस्कटलेल्या केसांसारखे तंतू. भावाच्या पाच वर्षांच्या मुलीने, घरात जिला सगळे खारू म्हणतात तिने, त्याचं नाव ठेवलं झिपरी. आठवडाभर कौतुक झालं. मग झिपरी शेजारच्या पोवळ्यांना डंख मारू लागली. चिमट्याने उपटली, तर उरलेल्या तुकड्यांतून चार उगवल्या. दोन महिन्यांत बावीस झाल्या. शेवटी खारूचे बाबा हातात धरायचा, किल्लीने सुरू होणारा निळा लेझर घेऊन आले. किरणाने झिपरी जागच्या जागी भाजते, तुकडे होत नाहीत.

ते पाहून कोरणाऱ्या बाईंनी, म्हणजे खारूच्या आत्याने, मला पिशवीतून काढलं.

“दादा, आकडा जुळतोय म्हणून देतेय. हा घातल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आणि खोलीत दुसरं कोणी नको.”

“किती ते! टॉर्चएवढा तर आहे.”

“तुझ्या टॉर्चने लाकूड जळतं का?”

पहिल्या रविवारी बाबांनी मला डोळ्यांवर घातलं. बटण दाबलं. “छे! यातून ठिपकाच दिसत नाही!” अहो, दिसेल कसा? तो अडवण्यासाठीच तर मी जन्माला आलो! पण चष्म्याचं ऐकतो कोण? त्यांनी मला कपाळावर सरकवलं आणि उघड्या डोळ्यांनी नेम धरला.

स्वयंपाकघरातून खारूच्या आईने विचारलं, “चष्मा घातलाय ना?”

“घातलाय, घातलाय!”

खोटं नव्हतं. घातला होताच.

असे तीन रविवार गेले. बारा झिपऱ्या भाजल्या, बाबांनी फोनवर मित्रांकडून शाबासकी घेतली. मी मात्र काम झालं की टाकीशेजारच्या दगडी ओट्यावर पालथा. तिथल्या मिठाच्या कणांनी माझ्या काचांवर ओरखडे पाडले. डबी कुठे गेली, कोणास ठाऊक.

चौथ्या रविवारी दार अर्धवट उघडं होतं. चौकटीजवळच्या भिंतीवर खारूची उंची मोजायचा कागदी जिराफ चिकटवलेला आहे. त्याला टेकून खारू मजा बघत उभी होती. मी कपाळावरून नुसता ओरडत होतो.

“खारू, दूध!”

“एक मिनिट, आई!”

“एक मिनिट नाही, आत्ता!”

पाय आपटत ती गेली. तेवढ्यात बाबांनी कोपऱ्यातल्या झिपरीवर नेम धरला. तिच्या बाजूलाच त्यांचा स्टीलचा चिमटा टाकीत तसाच लटकत होता. किरण चिमट्यावर आपटला आणि वळला.

“काय जळतंय?” आई धावत आली. जिराफाच्या मानेवर तिळाएवढं काळं भोक पडलं होतं. तिने खारूला बोलावून जिराफाला टेकून उभं केलं. मग बोट भोकाजवळ ठेवून सरळ पुढे आणलं. बोट खारूच्या डाव्या डोळ्याच्या रेषेत आलं.

बाबांनी लेझर खाली ठेवला. मी अजून त्यांच्या कपाळावरच.

“आई, जिराफाला काय झालं?” खारूने विचारलं. आईने तिला जवळ ओढलं.

त्याच संध्याकाळी आईने बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. “डोळे शाबूत आहेत, नशीब थोर आहे तुमचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण ते रोज कामाला येत नाही.”

दुसऱ्या दिवशी आत्या आली. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. “अरे दादा, ठिपका दिसत नाही म्हणजे चष्मा चोख आहे! ठिपक्याकडे बघायचंच नाही. झिपरीकडे बघ. ती आकसली की समज, लागला.” बस, एवढंच. तीन रविवार हा एक प्रश्न बहिणीला विचारायला माझ्या मालकाला तोंड नव्हतं!

मग तिने मला उजेडात धरलं. “एवढे ओरखडे? हा आता कोणी घालायचा नाही.” मला राग आला, पण तिचं खरं होतं. त्याच आकड्याचा नवा चष्मा आला. लेझरची किल्ली आईने आपल्या कपाटात ठेवली. आता आधी टाकीतल्या चकाकत्या वस्तू बाहेर निघतात, दाराला आतून कडी लागते आणि मगच बटण दाबलं जातं.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणत नाही. माझे दिवस भरले. ओरखडे पडलेला चष्मा खुशाल बाजूला करा. पण नवा आणाल, तो आकडा बघून आणा, डबीत ठेवा आणि डोळ्यांवर घाला. घरात कोणी असं काही करताना दिसलं, तर ‘मोठ्यांना कसं सांगू’ म्हणून गप्प बसू नका.

मी आता जिराफाशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. रविवारी बंद दाराबाहेरून खारूचा आवाज येतो.

“बाबा, चष्मा कुठे आहे?”

“डोळ्यांवर!”

“नक्की?”

“नक्की गं, आजीबाई!”

खारू भराभर वाढते आहे. जिराफाचं भोक आता तिच्या हनुवटीखाली गेलं आहे. कागद फाटत आला आहे, पण आई तो काढू देत नाही. येता-जाता ती त्या भोकावर बोट ठेवते आणि मग वळून खारू कुठे आहे ते बघते.