हेडफोनवरचा लाल ठिपका

घरात चार माणसं आणि चौघांच्या कानांत चार वायरी, हे दृश्य आता कोणालाच नवीन नाही. या गोष्टीतल्या घरात मात्र माणसं दोनच होती आणि हेडफोन एकच. पण त्या एकाने जो उच्छाद मांडला, तो चार जणांनी मिळूनही मांडला नसता.

रेडिओ, टेप, हेडफोन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचं ते घर. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक दार. दारापलीकडे त्यांची बायको कारखान्यातून आलेल्या शर्टांना बटणं लावत बसायची. मास्तरांची एक पद्धत होती. दुरुस्ती संपली की शेवटच्या स्क्रूवर ते लाल रंगाचा बारीक ठिपका देत. ठिपका म्हणजे मास्तरांचा शब्द. वस्तू पुन्हा बिघडली तर फुकट करून मिळणार! तीस वर्षं तो शब्द त्यांनी पाळला होता.

एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकून परत न नेलेला हेडफोन वर्षभर दुकानात पडून होता. तो मास्तरांनी घरातल्या रेडिओला जोडून स्वतःच्या हाताने बायकोला दिला. म्हणाले, दुकानातली खरखर तुला ऐकायला नको. खरं कारण वेगळंच होतं. ती शिवता शिवता बोलायची, आणि तिचं बोलणं सुरू झालं की यांचं कामातलं लक्ष उडायचं. तसं ते उत्तरं द्यायचे, नाही असं नाही. पण सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच, "हं."

हेडफोन आला आणि घर शांत झालं. आठ दिवस मास्तर खुशीत होते. नवव्या दिवशी त्यांची मान सहज वळली, तर बायको हसत होती! सुई चालली होती, डोळे खाली होते आणि ओठांवर हसू होतं. असं हसू मास्तरांच्या वाट्याला कधी आलं होतं, ते त्यांना काही केल्या आठवेना.

तिथून त्यांच्या पोटात दुखू लागलं. चहा घ्यायच्या निमित्ताने ते तिच्या जवळ गेले, तेव्हा तिच्या कानापाशी एका पुरुषाचा बारीक आवाज ऐकू आला. रेडिओवरचा निवेदक होता, हवामान सांगत होता. हवामानात हसण्यासारखं काय असतं? मास्तरांना त्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं, तोंड ठाऊक नव्हतं, पण त्याचा गळा दाबावा असं त्यांना वाटलं. दुकानात गिऱ्हाईक बोलत असलं तरी यांचा अर्धा डोळा दाराकडेच. त्या आठवड्यात दोन रेडिओंच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या.

शेवटी, ती आंघोळीला गेली असताना, मास्तरांनी तो हेडफोन उघडला आणि दोन्ही बाजूंच्या वायरी जोडणारे डाख सोडवले. चालू वस्तू जाणूनबुजून बिघडवण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. पण हिशेब पक्का होता. आता ती कुरकुरत दुकानात येणार, 'अहो, हे जरा बघता का' म्हणणार. मग आपण बघूच, सावकाश, चांगला महिनाभर.

ती आलीच नाही. दुपारी हेडफोन तिच्या डोक्यावर होता आणि ती हसत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर तिने कोणाचं तरी म्हणणं पटल्यासारखी मान डोलावली! मास्तर पार वेडेपिसे झाले. निवेदक होता तोवर जळायला निदान एक माणूस होता. आता जळायचं तरी कोणावर?

त्याच दिवशी ऑपरेटरबाई आल्या. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेल्या, आता निवृत्त. खिशात मावणारा एक जुना टेप त्यांनी दुरुस्तीला टाकला होता. त्याला हेडफोन लावायची भोकं दोन, आणि त्यातलं एक गंजलेलं. ऐकणार तुम्ही एकट्या, दुसरं भोक बुजवून टाकू का, असं मास्तरांनी विचारलं आणि वर चिडून म्हणाले की या हेडफोनने घरंच्या घरं बुडवली.

ऑपरेटरबाई स्टुलावर टेकल्या. "मास्तर, हे यंत्र आधी आलं कोणाच्या डोक्यावर? माझ्यासारखीच्या. दुसऱ्याचं नीट ऐकू यावं म्हणून. आमच्या आधीच्या बायका तर किलोकिलोचं ओझं बाळगायच्या. पुढे रेडिओ आला. माझे वडील सांगायचे, घरात हेडफोन एकच, मग तो पातेल्यात ठेवायचा. आवाज घुमायचा आणि सगळं घर त्या पातेल्यावर डोकी टेकवून ऐकायचं. हा खिशातला टेप निघाला, तेव्हा बनवणाऱ्यांनाच वाटलं, माणसाने एकट्याने ऐकत बसणं बरं दिसत नाही. म्हणून त्यांनी दोन भोकं ठेवली. मी आणि आमचे हे, दोघं ऐकायचो. पण लोक एकटेच ऐकायला लागले, तसं पुढच्या टेपांतून एक भोक गेलं. ते कंपनीने नाही बुजवलं, आपण बुजवलं."

मास्तरांना राहवलं नाही. खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. डाख सोडवल्याचंसुद्धा.

"ती काय ऐकते, ते तिला विचारलंत?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी पेचकस उचलून टेपचा एक स्क्रू उगाच सैल केला.

"तीस वर्षांत मी एक पाहिलं. फोन लागत नाही म्हणून जो जास्त ओरडतो, बऱ्याचदा त्याच्याच घरचा रिसीव्हर नीट ठेवलेला नसतो. तुमचा बघा जरा. आणि माझी दोन्ही भोकं करा."

बाई गेल्या. मास्तरांनी हातातला पेचकस खाली ठेवला आणि भरदुपारी दुकान तसंच उघडं टाकून ते आत जाऊन बायकोसमोर बसले. तिने हेडफोन काढला.

"मी बिघडवलाय तो," ते म्हणाले.

"ठाऊक आहे." तिने हेडफोन उलटा केला. स्क्रूवर टवटवीत लाल ठिपका होता. हातांना तीस वर्षांची सवय! लबाडी करतानाही मास्तर आपली सही करून आले होते. "पहिल्याच दिवशी दिसला. म्हटलं, स्वतःहून सांगतात का बघू."

"मग बंद हेडफोन लावून हसतेस कशाला?"

ती जराशी लाजली. "हा कानांवर असला की कोणी हाक मारत नाही. मग मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलते. पूर्वी बोलायचे तसंच, कारखान्यातलं, शेजारचं. तिथे तुम्ही छान उत्तरं देता हो. परवा तर माझ्यावर विनोदसुद्धा केलात."

मास्तरांना त्या माणसाचा हेवा वाटला. निवेदकाचा वाटला होता त्याहून कितीतरी जास्त! बायकोचं हसू ज्याच्या वाट्याला येत होतं, तो मास्तरच होता, पण तिचं ऐकणारा मास्तर. तोंडाशी आलेलं "हं" त्यांनी गिळलं.

"काय विनोद केला मी?" त्यांनी विचारलं. ती सांगू लागली, आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं हाका मारून परत गेली.

मंडळी, हेडफोन वाईट नाही. त्याने माणूस तुटत नाही. तुटलेला असतो, तो फक्त दिसू लागतो. आपल्या माणसाने कान झाकले म्हणून जळण्याआधी एकदा विचारावं, उघडे होते तेव्हा आपण काय बोललो? आणि ते माणूस बोलत होतं, तेव्हा आपले कान कुठे होते?

ऑपरेटरबाईंच्या टेपची दोन्ही भोकं चालू झाली. बायकोच्या हेडफोनचे डाख मास्तरांनी त्याच संध्याकाळी पुन्हा दिले, तिला शेजारी बसवून, ती बोलत असताना. त्या कामाला एरवी दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी दोन तास लागले.